खोकला आला की मांड्या आवळणाऱ्या पुरुषांसाठी : पिलाटेस, कोअर आणि ओटीपोटाचा तळ

निवृत्त_कॅशियर

मंडळी, हा धागा काढू की नको यात आठ महिने गेले. गुडघ्याचे, बायपासचे, साखरेचे धागे इथे पैशाला पासरी आहेत. 'लघवी ठिबकते' असं लिहिणारा पुरुष मात्र मला एकही सापडला नाही. याचा अर्थ कुणाची ठिबकत नाही असा नाही.

वय ६३. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, नशिबाने लवकर सापडला, ग्रंथी काढून टाकली. नवव्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाला. सिस्टर म्हणाली, "उठा काका, चालून बघू." उठलो आणि पायजमा ओला. डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती, पण ऐकणं वेगळं आणि वॉर्डात चार माणसांसमोर उभं राहणं वेगळं.

कारण नंतर नीट कळलं. मूत्राशयाला दोन तोट्या असतात म्हणा. एक मूत्राशयाच्या मानेशी, आपोआप चालणारी. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, आपल्या ताब्यातली. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेटबरोबर पहिलीही जवळपास गेल्यात जमा होते. मग आयुष्यभर जिने फक्त मदतनिसाचं काम केलं त्या दुसऱ्या तोटीवर आणि तिच्या आजूबाजूच्या स्नायूंवर सगळा भार येतो.

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती : 'कीगल व्यायाम करणे.' म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. बस. मी बँकेतला माणूस, लिहिलंय तर करणार. रोज शंभर. पोट आत, कुल्ले घट्ट, दात आवळलेले. दोन महिने झाले तरी दिवसाला पाच पॅड. केमिस्टकडून ते काळ्या पिशवीत आणायचे आणि दुकानात ओळखीचं कुणी दिसलं की क्रोसिन घेऊन परत फिरायचं. घरात क्रोसिनचा साठा झाला होता.

शेवटी पुतणीने जबरदस्तीने एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी ओटीपोटावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मूत्राशय काळं दिसतं, त्याखाली तळाची पांढरट रेघ. "आता रोज करता तसं करा." मी सगळा जीव लावून आवळलं. रेघ वर जायला हवी होती, ती खाली गेली! "काका, तुम्ही श्वास कोंडून खाली ढकलताय." म्हणजे दोन महिने, रोज शंभर वेळा, मी उलटी एन्ट्री मारत होतो.

त्यानंतर त्यांनी श्वासापासून सुरू केलं, मग चटईवरचं पिलाटेस. आज पाच महिने झाले. घरात पॅड नाही, बाहेर जाताना एक, तोही बहुतेक धीरासाठी. इथे आणखी कुणी या वाटेने गेलंय का?

मिसळ_विदाऊट_पाव

काका, धाडसाला सलाम. पण पिलाटेस म्हणजे नट्या विमानतळावर जायच्या आधी करतात तेच ना? आमच्याकडच्या क्लासच्या पाटीवर 'पिलेट्स' लिहिलंय, मला वाटायचं तिथे प्लेट्स धुवायला शिकवतात. पुरुषांना आत घेतात का?

जुनं_लाकूड

मिसळराव, ज्याचा व्यायाम त्याचंच नाव आहे ते. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाखचा. बॉक्सिंग आणि जिम्नॅस्टिक्स करणारा गडी. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडमध्ये होता, शत्रुदेशाचा नागरिक म्हणून नजरकैदेत पडला, पुढे आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत. तिथे सोबतच्या कैद्यांना व्यायाम शिकवायचा. म्हणजे पहिले विद्यार्थी सगळे पुरुष. १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेला, आठव्या अव्हेन्यूवर व्यायामशाळा काढली. जवळपासचे नर्तक दुखापत झाली की त्याच्याकडे यायचे, तिथून हा प्रकार नाचणाऱ्यांचा आणि मग बायकांचा झाला. तो स्वतः याला 'कन्ट्रॉलॉजी' म्हणायचा. नाव अगदीच रुक्ष, पण काकांच्या अडचणीला पिलाटेसपेक्षा तेच जास्त लागू पडतं.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट, गेली बरीच वर्षं याच विषयात काम करते. काकांनी पडद्यावरची रेघ सांगितली ते वाचून फार बरं वाटलं, कारण हे मी रोज बघते. 'आवळा' म्हटलं की निम्मे पुरुष कुल्ले आवळतात, बरेच जण पोट आत खेचतात आणि काही जण चक्क कुंथतात. कागदावरच्या एका ओळीवरून हा व्यायाम जमत नाही, त्यात पेशंटचा दोष नाही.

थोडं शरीराबद्दल. डबा डोळ्यासमोर आणा. झाकण म्हणजे श्वासपटल. बाजूंनी पोटाचा सगळ्यात आतला स्नायू पट्ट्यासारखा गुंडाळलेला. मागे मणक्यालगतचे बारीक स्नायू. आणि बूड म्हणजे पेल्विक फ्लोअर, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला. श्वास घेतला की झाकण खाली येतं आणि बूडही थोडं खाली जातं. सोडला की दोन्ही वर. कोअर म्हणतात तो हा डबा. आरशात दिसणाऱ्या सहा वड्या त्याच्या बाहेरच्या.

श्वास कोंडून जोर केला की डब्यातला दाब वाढतो आणि कमजोर बुडातून वाट काढतो. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, सिलेंडर उचलणं, सगळीकडे हेच. नेमका इथे पिलाटेसचा उपयोग आहे, कारण त्यात प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली असते : जोराचं काम उच्छ्वासावर. ब्राझीलमधल्या एका चाचणीत, २०१६ साली ती प्रसिद्ध झाली, प्रोस्टेट काढलेल्या पुरुषांमध्ये पिलाटेस नेहमीच्या पेल्विक व्यायामांइतकंच उपयोगी ठरलं. 'इतकंच' हा शब्द वाचा हं, 'जास्त' नाही. माझा अनुभव असा की नुसतं आवळणं लोक महिन्याभरात कंटाळून सोडतात, चटईवर यायला मात्र टिकतात.

आता नेमकं काय आवळायचं? पुरुषांना 'गुदद्वार आवळा' सांगितलं की मागचा भाग काम करतो, लघवीची तोटी पुढे आहे. तेव्हा कल्पना करा : पहाटे विहिरीच्या गार पाण्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरताय आणि पाणी जांघेपर्यंत आलंय. त्या क्षणी जे आपसूक आत-वर ओढलं जातं, ते. किंवा कासव मान आत घेतं तसं लिंग आत घ्यायचं. बोटं वृषणांच्या मागे, शिवणीवर ठेवलीत तर हलकी उचल जाणवते. कुल्ले मऊ, चेहरा मऊ, श्वास चालू. सहा ते आठ सेकंद धरा, आणि तितकाच वेळ सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन सेकंदच धरता येत असेल तर दोनपासून सुरू.

कॅथेटर आत असताना हे करायचं नाही. आणि लघवी करताना धार मध्येच तोडण्याचा 'सराव' करू नका. ओळख पटावी म्हणून एकदा केलंत तर ठीक, रोज नको.

लंगोटबंद

ताई, माहिती उत्तम, पण यात नवीन काय? मूलबंध म्हणतात याला. हठयोग प्रदीपिकेत दिलाय. अश्विनी मुद्रा आहे. आमचे वस्ताद जोर मारताना श्वास कसा सोडायचा हे काठी दाखवून शिकवायचे. आपल्या आखाड्यातलं सोडून जर्मन माणसाच्या चटईवर हजारो रुपये घालायचे, आणि तो कैदी होता म्हणून कौतुकही करायचं!

मिसळ_विदाऊट_पाव

आलं. मी घड्याळ लावून बसलो होतो. 'आपल्याकडे होतंच' यायला तीन प्रतिसाद लागले. (इनो घ्या, वस्ताद.)

सांधेजोड

लंगोटबंद, तुमचं निम्मं म्हणणं मान्य. मूलबंध आणि हा व्यायाम सख्खे भाऊ आहेत. ज्यांना मूलबंध खरोखर जमतो अशा पेशंटना मला फारसं शिकवावं लागत नाही. फरक दोन. मूलबंधात बहुतेक ठिकाणी कुंभक असतो, म्हणजे श्वास रोखून. माझ्या ऑपरेशन झालेल्या पेशंटला श्वास रोखायचाच नाहीये, त्याला खोकताना, उठताना, चालताना ते काम करायचंय. दुसरं, वस्ताद ज्या पंचविशीच्या पोराला जोर शिकवायचे त्याचं बूड शाबूत होतं. पैशाचं म्हणाल तर यातलं बहुतेक सगळं घरच्या सतरंजीवर होतं. स्प्रिंगांचं ते मोठं यंत्र असतं त्याची गरज नाही.

रात्रपाळी

थ्रोअवे आयडी. वय ३४, आयटी, पुणे. काकांच्या अगदी उलटं प्रकरण आहे म्हणून लिहितोय.

मला गळती नाही. मला दुखतं. दोन वर्षं शिवणीत गोल्फचा बॉल ठेवून बसल्यासारखं वाटायचं. लघवी सुरू व्हायला वेळ, धार बारीक, संभोगानंतर दिवसभर जळजळ. प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेटला सूज) म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. कल्चरमध्ये एकदाही जंतू नाही. मग यूट्यूबवर कुणीतरी सांगितलं, कीगल करा, पुरुषांच्या सगळ्या तक्रारी जातात. अ‍ॅप डाउनलोड केलं, ते दर दोन तासांनी थरथरायचं आणि मी मीटिंगमध्ये बसून आवळायचो. दोन आठवड्यांत खुर्चीत बसता येईना.

शेवटी एका युरॉलॉजिस्टनी सांगितलं की स्नायू कमजोर नाहीत, ते सुटतच नाहीत. दिवसाचे बारा तास मूठ आवळून बसल्यासारखं. त्यावर आणखी आवळणं म्हणजे पायात गोळा आलेल्याला पळायला लावणं.

मला पिलाटेसमधलं वेगळंच कामाला आलं. पाठीवर झोपून पाय भिंतीवर, एक हात बरगड्यांवर, एक ओटीपोटावर, आणि नाकाने श्वास खाली, बसायच्या हाडांपर्यंत जातोय असं धरायचं. आत घेताना बूड खाली सैल सोडायचं. पहिले दहा दिवस काहीच कळलं नाही. अकराव्या दिवशी एकदम काहीतरी सुटलं आणि मी चटईवर रडलो, खरं सांगतो. कधीपासून आवळून धरलं होतं कोण जाणे. बहुतेक पहिल्या अप्रेझलपासून.

तेव्हा काकांचा धागा वाचून कुणी सरसकट आवळायला लागू नका, एवढंच.

सांधेजोड

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. ज्यांना बसून दुखतं, धार सुरू व्हायला वेळ लागतो, मलविसर्जनाला कुंथावं लागतं, त्यांनी आधी सोडायला शिकायचं. लांब सायकल मारणाऱ्यांनीही लक्ष द्या. खोगीर चुकीचं असेल तर शिवणीतली नस दबते आणि बधिरपणा येतो. असं झालं तर थोडे दिवस सायकल बंद आणि खोगीर बदला.

आणि हे थट्टेवारी नेऊ नका : पाठदुखीबरोबर शिवणीचा भाग अचानक बधिर झाला, लघवी होईनाशी झाली किंवा संडासावरचा ताबा गेला तर व्यायाम नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. लघवीतून रक्त दिसलं तर आधी युरॉलॉजिस्ट.

दक्षिण_गोलार्ध

मेलबर्नहून. इथे बाबांचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा ऑपरेशनच्या पाच आठवडे आधी फिजिओकडे पाठवलं. शाबूत असताना शिकलेलं नंतर आठवतं, असं त्यांचं म्हणणं. या विषयावर क्वीन्सलँडमध्ये बरंच संशोधन झालंय, पुरुषांना कोणत्या शब्दांत सांगितलं की नेमका स्नायू हलतो हे सोनोग्राफीवर बघितलंय. ताईंचं कासव बहुतेक तिकडूनच पोहत आलं असावं.

आणखी एक. इथे पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबे असावेत म्हणून मोहीम चालली. बाबा पहिल्यांदा मॉलमध्ये गेले तेव्हा ओला पॅड कागदात गुंडाळून खिशात घालून घरी आणला होता. आईला खिसा तपासायची सवय. पुढचं लिहीत नाही.

निवृत्त_कॅशियर

खिशाचं अगदी खरं आहे. मी नाटक बघणंच सोडलं होतं त्यापायी.

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की नक्की काय करता. मी काही तज्ज्ञ नाही, माझ्यापुरतं सांगतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो खुर्चीचा. आधी मी उठायचो कसा? हातावर जोर, 'हुं' करून श्वास कोंडायचा आणि उभं. त्या 'हुं'लाच गळायचं. आता खुर्चीच्या कडेला सरकतो, पाय मागे घेतो, श्वास घेतो. मग ओठांतून फुंकर सोडायला सुरुवात करतो, कासव आत, मग नाक गुडघ्यांच्या पुढे नेऊन वाकतो, आणि फुंकर चालू असतानाच उठतो. आधी उचल, मग हालचाल, हा क्रम महत्त्वाचा. हालचाल सुरू झाल्यावर आवळायला गेलं तर उशीर झालेला असतो. शिंकेचंही तसंच : येतेय असं वाटलं की आधी उचलून घ्यायचं. पहिले पंधरा दिवस दहापैकी दोनदा जमलं. आता न ठरवता होतं, काल रिक्षातून उतरून गेटपर्यंत आल्यावर लक्षात आलं की उतरताना केलंच होतं.

चटईवर : पाठीवर, गुडघे उभे, कंबर जमिनीत दाबायची नाही आणि कमानही नाही. बाई ओटीपोटावर पाण्याची वाटी ठेवायच्या, सांडता कामा नये. तशा अवस्थेत श्वास सोडत एक गुडघा उचलायचा, परत ठेवायचा, मग दुसरा. दिसायला एकदम फालतू. पहिल्या दिवशी तिसऱ्याच वेळी वाटी कलंडली आणि बाई म्हणाल्या, "हा तुमचा कोअर." मग ब्रिज, म्हणजे कुल्ले उचलून मणका एकेक करत खाली ठेवायचा. मग कुशीवर झोपून शिंपल्यासारखा गुडघा उघडायचा. एकदा शहाणपणा करून एका जिममधल्या ग्रुप क्लासला गेलो. तिथे थेट 'हंड्रेड' लावला : डोकं-खांदे वर, पाय हवेत, हात पंप करत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा. चौथ्या फेरीला ओटीपोट मध्येच टोपीसारखं फुगलं आणि खाली व्हायचं ते झालं. सोबत अकरा बायका. चटई स्वतःच पुसली आणि 'पाणी सांडलं' म्हणालो.

सांधेजोड

ती टोपी हीच खूण, काका. पोट मध्यावर उंचवटा करून फुगत असेल तर तो व्यायाम आज तुमच्यासाठी जड आहे. पाय खाली टेकवा, डोकं खाली ठेवा, तरी हंड्रेड होतो. शिकवणाऱ्याला आपलं ऑपरेशन आधी सांगा, लाजू नका. आणि बहुतेकांचं तीन ते बारा महिन्यांत सुधारतं, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात आशा सोडू नका.

थेंबाथेंबाने

ऑपरेशन वगैरे काही नाही, वय ४६. लघवी करून, झटकून, चेन लावून दोन पावलं गेलो की चार थेंब. फिकट पँट घालायची सोडलीय. हे यातच येतं का?

सांधेजोड

येतं, आणि फार जणांना असतं. मूत्रमार्गाच्या वळणात थोडी लघवी राहते, ती चालताना बाहेर येते. झटकून ती निघत नाही. लघवी झाली की वृषणांच्या मागे शिवणीवर दोन-तीन बोटं दाबा आणि पुढे लिंगाच्या मुळाकडे सारत आणा, दोनदा. आणि शेवटी दोन-तीनदा जोरकस उचल. धार बारीक असेल, रात्री चारदा उठावं लागत असेल तर प्रोस्टेट तपासून घ्या, तो वेगळा मामला.

अवांतर : ग्रेस डोरी नावाच्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेले ५५ पुरुष होते. पेल्विक व्यायाम केल्यावर सहा महिन्यांनी ४० टक्क्यांची तक्रार पूर्ण गेली आणि आणखी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांना फरक पडला. हे सांगितलं की माझ्या पेशंटची गृहपाठाची हजेरी अचानक सुधारते.

मिसळ_विदाऊट_पाव

वाचनखूण साठवली आहे. मित्रासाठी.

उंबरठा

मी बायको म्हणून लिहितेय. आमच्याकडे गेले सहा महिने हे पहाटे उठून चादर स्वतः धुतात. तीस वर्षांत रुमालही धुतला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "तुझ्या कंबरेला त्रास नको." आता कळतंय. हा धागा दाखवू की नको? रागावतील.

निवृत्त_कॅशियर

वहिनी, दाखवू नका, मोबाईलवर उघडा ठेवून स्वयंपाकघरात जा. मी असाच कुणाचा तरी लेख 'चुकून' उघडा सापडल्यावर पुतणीशी बोललो. आणि चहा कमी करा म्हणा, पाणी नाही. मी भीतीने पाणीच तोडलं होतं, त्याने लघवी दाट होऊन आणखी घाई व्हायची. वर बद्धकोष्ठ, म्हणजे रोज सकाळी कुंथून दिवसभराची कमाई घालवायची.

लंगोटबंद

काका, कुंथण्यावरून आठवलं. भारतीय संडास होता तोवर ही भानगड नव्हती. (हे मी उपरोधाने लिहीत नाहीये, आमच्या वडिलांना आता कमोड लागतो.)

सांधेजोड

यावर मात्र पूर्ण सहमत, वस्ताद. उकिडवं बसलं की तो स्नायू सुटतो आणि मार्ग सरळ होतो. वडिलांना कमोडसमोर पायाखाली स्टूल द्या, गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत. गुडघे, तोल ठीक असतील तरच, आणि स्टूल घसरणारं नको.

लंगोटबंद

किती उंच?

निवृत्त_कॅशियर

आमच्याकडे देवघरातला जुना पाट आहे, खाली दोन विटा. बायकोने आधी पाट द्यायला नकार दिला होता.